लस अंगी लागली का?

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा दिवस गोळ्यांच्या वेळांभोवती फिरतो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, बहुतेकदा जोडीला थोडं प्रेडनिसोलोन. नव्या मूत्रपिंडावर शरीरानं परकं समजून हल्ला करू नये म्हणून प्रतिकारयंत्रणेला सतत दाबून ठेवायचं, हे या गोळ्यांचं काम. आणि लशीचं काम नेमकं उलटं, त्याच यंत्रणेला जागं करण्याचं. विषाणूचा एखादा तुकडा ओळखणाऱ्या बी पेशी शरीरात मोजक्याच असतात. लस दिली की त्या भराभर दुणावतात आणि त्यांच्यातूनच प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी घडतात. दुणावायला डीएनएचा कच्चा माल लागतो आणि मायकोफेनोलेट तोच अडवतं. मग दंडावर सुई टोचली जाते, प्रमाणपत्रही मिळतं, पण रक्तात काही घडलं की नाही हे बाहेरून कळत नाही.

हा प्रश्न कोविडच्या काळात फार ठळकपणे पुढे आला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2021 च्या मार्चमध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या 436 जणांचे निष्कर्ष मांडले. एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर त्यांच्यातल्या फक्त 17 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली. दोन महिन्यांनी 658 जणांचे, दोन्ही डोसनंतरचे आकडे आले, तेव्हा प्रमाण 54 टक्क्यांवर पोहोचलं होतं. निरोगी माणसांत हे प्रमाण शंभराच्या जवळ असतं. या अभ्यासातल्या काहींनी दवाखान्यात न जाता, दंडावर चिकटवायच्या छोट्या उपकरणानं घरीच रक्त काढलं. संसर्गाची सर्वाधिक भीती असलेल्या माणसाला तपासणीसाठी गर्दीत बोलावणं तसंही बरोबर नव्हतं.

अशा रुग्णांच्या घरच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग झाला ब्रिटनमध्ये, ‘मेलडी’ नावाच्या अभ्यासात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं तो चालवला. तीन गटांतली माणसं निवडली: अवयव प्रत्यारोपण झालेली, दुर्मीळ स्वयंप्रतिकार संधिवाताचे विकार असलेली आणि लसिका पेशींचा कर्करोग असलेली. प्रत्येकानं लशीचे किमान तीन डोस घेतलेले होते. त्यांच्या घरी एक संच पोहोचायचा. बोटाच्या टोकाला टोचायचं, हलकं दाबून रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या पट्टीवरच्या खळग्यात सोडायचा, वर द्रवाचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. द्रव कागदी पट्टीतून पुढे सरकतो. चाचणी नीट झाली असेल तर एक रेघ उमटतेच. रक्तात विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर तिच्याशेजारी दुसरी उमटते.

साडेएकवीस हजारांहून अधिक लोक यात होते. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 77 टक्के, संधिवाताच्या गटात 86 टक्के आणि कर्करोगाच्या गटात 79 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तीन-तीन डोस घेऊनही प्रत्यारोपण झालेल्यांपैकी जवळपास दर चौथ्या माणसाची दुसरी रेघ उमटली नव्हती. पुढचे सहा महिने या सगळ्यांवर लक्ष ठेवलं गेलं. वय, आजार, औषधं यांचा हिशेब करूनही, रेघ उमटलेल्यांमध्ये कोविडमुळे रुग्णालयात जाण्याचं प्रमाण न उमटलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघालं. घरी, बोटाच्या एका थेंबावर झालेल्या तपासणीनं जास्त धोक्यात कोण आहे ते दाखवलं. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मे 2021 मध्येच बजावलं होतं, की लशीनंतर संरक्षण मिळालं का हे ठरवायला प्रतिपिंड चाचणी वापरू नका. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. ‘एवढी प्रतिपिंडं असली की कोविडपासून सुरक्षित’ असा सर्वमान्य आकडा नव्हता, त्यात विषाणू रूप बदलत होता. शिवाय प्रतिकारात टी पेशींचाही वाटा असतो आणि या चाचणीत त्या दिसतच नाहीत. रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्यांच्या बी पेशी काही महिने जवळजवळ नाहीशा होतात, तरी त्यांच्यातल्या अनेकांच्या टी पेशी लशीला चांगला प्रतिसाद देतात. उलट, ज्यांना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं जातं त्यांची रेघ दात्यांकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही उमटू शकते. म्हणून उमटलेल्या रेघेवर विसंबून मास्क काढू नये. पण न उमटलेली रेघ, निदान या रुग्णांच्या बाबतीत, दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

काही आजारांत असा आकडा ठरलेला आहे आणि तिथे लशीनंतर तपासणं ही वैद्यकातली जुनी रीत आहे. डायलिसिसवरच्या रुग्णाला हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट मात्रेत देतात आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासतात. पातळी 10 च्या खाली असेल तर पुन्हा लस, आणि पुढे दरवर्षी तपासणी. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या माणसाला कुत्रा चावला, तर रेबीजच्या लशीनंतर प्रतिपिंडांची पातळी 0.5 च्या वर गेली का ते पाहतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ही तपासणी होते. ही सगळी प्रयोगशाळेतली कामं आहेत. पुण्याच्या मायलॅबचा ‘कोव्हिसेल्फ’ संच 2021 मध्ये घरोघरी पोहोचला, पण तो नाकातला विषाणू शोधणारा. लस अंगी लागली का, हे त्यातून कळत नाही.

रेघ नाही हे कळल्यावर पुढे काय, हा प्रश्न ब्रिटनमधल्या रुग्णांना फार जिव्हारी लागला. एव्हुशेल्ड नावाची तयार प्रतिपिंडांची इंजेक्शनं तिथे मार्च 2022 मध्ये मंजूर झाली, पण ऑगस्टमध्ये सरकारनं ती विकत न घेण्याचं ठरवलं. पुढे नव्या उपप्रकारांपुढे ती निष्प्रभ ठरली आणि जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेनंही त्यांचा वापर थांबवला. तरी हाती काहीच उरत नाही असं नाही. फ्रान्समधल्या प्रत्यारोपण झालेल्या 101 जणांमध्ये दुसऱ्या डोसनंतर 40 टक्क्यांवर असलेलं प्रतिपिंडांचं प्रमाण तिसऱ्या डोसनंतर 68 टक्क्यांवर गेलं. रिटुक्सिमॅबच्या पुढच्या डोसच्या साधारण चार आठवडे आधी लस घेतली तर ती अंगी लागण्याची शक्यता वाढते, म्हणून तारखा डॉक्टरांशी बोलून जुळवाव्यात. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नयेत, मूत्रपिंड गमावण्याचा धोका असतो. घरातल्या बाकी सगळ्यांनी लस घेणं हेही त्या माणसाचं संरक्षणच. आणि ताप आला, तर पहिल्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करावा. कोविडवरच्या पॅक्सलोविड या गोळ्यांमधलं रिटोनाविर रक्तातलं टॅक्रोलिमस धोकादायक पातळीपर्यंत वाढवतं, त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी इथे चालेलच असं नाही. कोणतं औषध द्यायचं आणि टॅक्रोलिमसचं काय करायचं, हे त्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.