सहाही तारा एकदम

रॉक गायक जो स्ट्रमरला गिटारवरची नाजूक कलाकुसर कधी जमली नाही. सहाही तारा एकदम छेडायच्या, नाहीतर एकही नाही, एवढंच त्याचं तंत्र. त्यावरूनच मूळच्या जॉन मेलरने ‘स्ट्रमर’ (तारा छेडणारा) हे नाव घेतलं. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला, त्यांचा जन्म लखनौचा. मुलगा मात्र १९५२ साली अंकारात जन्मला, कैरो, मेक्सिको सिटी, बॉन अशी शहरं बघत वाढला आणि नवव्या वर्षी इंग्लंडमधल्या वसतिगृहात दाखल झाला.

१९७६ साली लंडनमध्ये त्याचा ‘द क्लॅश’ हा बँड उभा राहिला आणि पंक संगीताला रागाइतकंच राजकीय भान आलं. बेकारी, वंशद्वेष, पोलिसी दंडेली हे या गाण्यांचे विषय. सोबतीला जमैकन रेगे. १९७९ चा ‘लंडन कॉलिंग’ दोन तबकड्यांचा अल्बम एकीच्या किमतीत विकला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सँडिनिस्टा!’मध्ये तीन तबकड्या आणि छत्तीस गाणी होती. नाव निकाराग्वातल्या क्रांतिकारकांचं. १९८३ मध्ये बँडचा गिटारवादक मिक जोन्सला काढून टाकलं गेलं आणि १९८६ पर्यंत सगळं संपलं. जोन्सला काढणं ही चूक होती, हे स्ट्रमरने पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

इथून पुढची दहा-बारा वर्षं त्याच्या आयुष्यातली ओसाड वर्षं म्हणून सांगितली जातात. हे साफ चुकीचं आहे. त्या वर्षांत तो सिनेमात होता.

दिग्दर्शक अ‍ॅलेक्स कॉक्सच्या ‘सिड अँड नॅन्सी’साठी त्याने गाणं केलं, ‘स्ट्रेट टू हेल’मध्ये स्पेनच्या अल्मेरियातल्या रणरणत्या उन्हात बंदूकधारी गुंड साकारला. पण खरी कमाई १९८७ च्या ‘वॉकर’ची. १८५६ साली निकाराग्वाचा अध्यक्ष बनून बसलेल्या अमेरिकी साहसवीराची ही कथा. तिचं चित्रीकरण झालं प्रत्यक्ष निकाराग्वात, काँट्रा बंडखोरांशी युद्ध चालू असताना. ज्या क्रांतीचं नाव अल्बमला दिलं, तिच्याच भूमीवर स्ट्रमर छोटी भूमिका करत होता. चित्रपटाचं संगीतही त्याचंच. त्यात क्लॅशच्या विजेच्या गिटारींचा गदारोळ नाही; लॅटिन लयी आहेत, हलकी वाद्यं आहेत, मोकळी जागा आहे. सहाही तारा एकदम छेडणारा हा माणूस इथे एकेक सूर जपून ठेवतो. चित्रपट तिकीटबारीवर आपटला आणि संगीतही त्याच्याबरोबर झाकलं गेलं. त्याच्या एकट्याच्या कामात याहून सरस काही नाही, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

जिम जार्मुशच्या ‘मिस्टरी ट्रेन’मध्ये (१९८९) तो मेम्फिसमधला बेकार, प्रेयसीने सोडलेला इंग्रज होता. सगळे त्याला ‘एल्विस’ म्हणतात आणि त्याला ते अजिबात खपत नाही. अभिनयाचं शिक्षण नाही, पण थकलेला चेहरा खोटं बोलत नाही. पाठोपाठ फिनलंडच्या आकी कौरिस्माकीच्या चित्रपटात तो पबमध्ये गाताना दिसला.

१९९९ पासून ‘मेस्कालेरोज’ या नव्या चमूबरोबर तो मंचावर परतला. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला संपकरी अग्निशामक जवानांसाठी त्याने कार्यक्रम केला, तेव्हा मिक जोन्स प्रेक्षकांतून उठून मंचावर आला. एकोणीस वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र वाजवत होते. महिनाभराने, २२ डिसेंबरला, जन्मजात पण कधीच लक्षात न आलेल्या हृदयदोषाने स्ट्रमर गेला. वय पन्नास.

२००८ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आला. त्यात मुंबईची दोन पोरकी भावंडं रेल्वेगाडीच्या टपावरून, डब्यांतून फिरतात, तेव्हा गायिका एम.आय.ए.चं ‘पेपर प्लेन्स’ वाजतं. त्या गाण्याखाली सतत घुमणारी धून क्लॅशच्या १९८२ मधल्या ‘स्ट्रेट टू हेल’ची आहे, ते गाणंही स्थलांतरितांचं, वाऱ्यावर सोडलेल्या मुलांचंच होतं.