इमारतीतल्या इमारतीत निरोप

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे सीएच्या कार्यालयात ऑडिट अहवालांची झुंबड. पुण्यातल्या ज्या कार्यालयाचं नेटवर्क मी सांभाळतो, तिथे या दिवसांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आतल्या केबिनमध्ये सर, बाहेर दोन ओळींत आर्टिकल्स, वरच्या मजल्यावर जीएसटी बघणाऱ्या मॅडम आणि जिन्याखालच्या खोलीत टॅलीचा सर्व्हर. एवढ्या माणसांत दिवसभर निरोपांची ये-जा चालू असते. ‘ताळेबंदाची प्रिंट काढा’, ‘सर, क्लायंट आलेत’, ‘सर्व्हर बंद करतोय, सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडा’. यातला एकही निरोप व्हॉट्सॲपवरून जात नाही. कामाच्या वेळेत मोबाइल ड्रॉवरमध्ये, हा सरांचा दंडक आहे.

निरोप जातात ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात गुपचूप बसलेल्या आयपी मेसेंजरमधून. हिरोआकी शिरोउझू या जपानी प्रोग्रामरचा हा छोटासा, फुकट प्रोग्राम १९९६ सालापासूनचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत तो आजही चालतो. त्याला खातं उघडावं लागत नाही, मोबाइल नंबर द्यावा लागत नाही आणि मध्ये सर्व्हरही लागत नाही. इंटरनेटची लाइन तुटली, तरी खालून वर आणि वरून खाली निरोप सुरळीत जातात, कारण ते मुळात इमारतीच्या बाहेर पडतच नाहीत.

सकाळी कुणी संगणक सुरू केला, की आयपी मेसेंजर नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून एक छोटं पॅकेट सोडतो: मी आलोय, माझं नाव अमुक. ज्या ज्या संगणकावर हा प्रोग्राम चालू असतो, तो आपलं नाव उलट कळवतो. दोन-चार सेकंदांत खिडकीत नावांची यादी तयार. हजेरीपट कुणी ठेवत नाही. प्रत्येक यंत्र स्वतःपुरता तो बनवून घेतं. संध्याकाळी प्रोग्राम बंद करताना ‘मी निघालो’ असंही तो सगळ्यांना सांगतो. मात्र वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर हे सांगायचं राहून जातं आणि गेलेल्या माणसाचं नाव बराच वेळ यादीत तसंच दिसत राहतं.

तारेतून नेमकं काय जातं, हे पाहायचं तर वायरशार्क हा प्रोग्राम लावायचा. नेटवर्क कार्डातून आत-बाहेर होणारं प्रत्येक पॅकेट तो ओळीने मांडून दाखवतो. काम थोडं थंडावल्यावर एका दुपारी मी तो पुढच्या टेबलावरच्या संगणकावर लावला. आयपी मेसेंजरच्या नव्या आवृत्त्या आपसात बोलताना मजकूर कूटबद्ध करतात, म्हणून मुद्दाम उघडा मजकूर पाठवायची सोय केली. संगणकाच्या स्मरणातले शेजाऱ्यांचे जुने पत्ते पुसले आणि वरच्या मजल्यावर निरोप धाडला: ‘चहा आला’.

पहिली ओळ उमटली ती निरोपाची नव्हतीच. माझ्या संगणकाला वरच्या यंत्राचा आयपी पत्ता ठाऊक होता, पण इथरनेटच्या तारेवर तेवढ्याने भागत नाही. तिथे लागतो नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ४८ बिटांचा पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस. तो ठाऊक नसेल, तर चाळीच्या चौकात उभं राहून ‘अहो, जोशी कुठल्या खोलीत?’ अशी हाक मारावी, तसं संगणक सगळ्यांना विचारतो: १९२.१६८.१.१४ कोण आहे? इतर सगळे ऐकून सोडून देतात. ज्याचा तो पत्ता, तो एकटा उत्तर देतो. या पद्धतीला एआरपी म्हणतात. १९८२ साली ठरलेली ही पद्धत आजही घराघरांतल्या राउटरवर तशीच चालू आहे.

उत्तर आलं आणि मगच निरोपाचं पॅकेट निघालं. वायरशार्कच्या खालच्या चौकटीत ते बाइटनुसार उलगडून दिसतं. पहिले १४ बाइट इथरनेटचे: कुणाला, कुणाकडून, आत काय. पुढचे २० आयपीचे आणि ८ यूडीपीचे. इथेच पोर्ट क्रमांक २४२५ दिसतो. हे पॅकेट आयपी मेसेंजरला द्यायचं, हे त्यावरून विंडोजला कळतं. म्हणजे ४२ बाइट नुसत्या पत्त्यात गेले. त्यानंतर आयपी मेसेंजरची स्वतःची ओळ येते. तीही अगदी साधी: आवृत्ती, पॅकेटचा क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव, संगणकाचं नाव, आज्ञेचा आकडा आणि शेवटी मजकूर, मध्ये नुसते अपूर्णविराम. आज्ञेचा आकडा ३२ म्हणजे ‘हा निरोप आहे’. पोच हवी असेल तर त्यात २५६ मिळवायचे, की झाले २८८. मजकूर युनिकोडमध्ये असल्याचं सांगायला आणखी एक मोठा आकडा त्यातच मिळवायचा.

इंग्रजीत लिहिलेला निरोप या चौकटीत सरळ वाचता येतो. मराठीच्या जागी नुसते ठिपके दिसतात. पण डावीकडच्या आकड्यांकडे नीट पाहिलं, की ओळख पटते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि माझ्या निरोपातल्या प्रत्येक चिन्हाची सुरुवात ‘ई०, ए४’ या एकाच जोडीने होत होती. च, ह, काना, आ, ल, काना अशी सहा चिन्हं आणि मधली एक मोकळी जागा मिळून १९ बाइट. एका ‘चहा आला’साठी पत्त्यांचाच खर्च दुपटीहून जास्त!

लगोलग उलट दिशेने आणखी एक पॅकेट आलं, आज्ञा ३३: ‘तुमचं अमुक क्रमांकाचं पॅकेट मिळालं’. ही पोच महत्त्वाची. यूडीपी पॅकेट सोडून मोकळं होतं. ते पोचलं की हरवलं, याची फिकीर करत नाही. म्हणून ती काळजी आयपी मेसेंजरने स्वतःकडे घेतली आहे. पोच आली नाही तर तो निरोप पुन्हा पाठवतो, आणि तरीही उत्तर नसेल तर पाठवणाऱ्याला विचारतो. शिवाय निरोप बंद पाकिटातही पाठवता येतो. समोरच्याने पाकीट उघडलं, की पाठवणाऱ्याला वर्दी मिळते. ‘सर, मला दिसलाच नाही’ ही सबब या कार्यालयात चालत नाही, ती त्यामुळेच.

हाच प्रयोग तिसऱ्या संगणकावर वायरशार्क लावून केला, तर एआरपीची हाक तिथे ऐकू येते, निरोप मात्र दिसत नाही. कारण मधला स्विच. कुठला मॅक ॲड्रेस आपल्या कुठल्या पोर्टवर आहे, हे तो येणाऱ्या पॅकेटांवरून शिकत जातो आणि निरोप तेवढ्याच पोर्टला देतो. पूर्वी स्विचच्या जागी हब असायचे. ते आलेलं प्रत्येक पॅकेट सगळ्या तारांवर सोडायचे. शेजारच्याने ऐकायचं ठरवलं, तर सगळं ऐकू यायचं.

‘अमक्याचं नाव यादीत दिसत नाही’ हा मला येणारा नेहमीचा फोन. बहुतेक वेळा विंडोजने त्या नेटवर्कची नोंद ‘सार्वजनिक’ अशी केलेली असते आणि फायरवॉल दार लावून बसलेला असतो. पण वरच्या मजल्याचं प्रकरण निराळं निघालं. वायफाय नीट येत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून जोडला होता. खालची तार त्याच्या वॅन पोर्टात खोचलेली. त्यामुळे त्याने वरच्या मजल्याचा वेगळा संसार थाटला: खाली पत्ते १९२.१६८.१ चे, वर १९२.१६८.० चे. सगळ्यांसाठी मारलेली हाक राउटर ओलांडत नाही. इंटरनेट दोन्हीकडे चालू, प्रिंटर आणि निरोप मात्र बंद. तार वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावली, त्या राउटरची पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद केली, पत्ता बदलून दिला. मॅडमचं नाव यादीत परत आलं.

विंडोजमध्ये ही सोय एके काळी आयतीच होती. एनटी, २००० आणि एक्सपीच्या काळ्या खिडकीत ‘नेट सेंड’, पुढे संगणकाचं नाव आणि मजकूर टाइप केला, की समोरच्या स्क्रीनच्या मधोमध करडी चौकट उघडायची. कॉलेजच्या लॅबमध्ये या आज्ञेने मास्तरांना पुरतं जेरीस आणलं होतं. पुढे २००२च्या सुमारास जाहिरातबाजांनी ती हेरली. ज्यांचे संगणक फायरवॉलविना थेट इंटरनेटला जोडलेले होते, त्यांच्या स्क्रीनवर भलत्यासलत्या जाहिरातींच्या चौकटी उघडू लागल्या. २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सेवा आपणहून बंद ठेवली आणि व्हिस्टात काढूनच टाकली. तिच्या जागी ‘एमएसजी’ ही आज्ञा उरली आहे, पण विंडोजच्या होम आवृत्तीत ती मिळत नाही.

त्या फजितीचं मूळ आयपी मेसेंजरलाही चुकलेलं नाही. पाठवणाऱ्याचं नाव पॅकेटात लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं, हे उघड्या मजकुराच्या बाबतीत कुणी तपासत नाही. लिनक्सवर नेटकॅट नावाचं साधं साधन आहे. त्यातून मी वर सांगितलेली ओळ हाताने लिहून पाठवली, नावाच्या जागी ‘सर’ घातलं. आर्टिकलच्या स्क्रीनवर सरांच्या नावाने निरोप हजर! सरांना हे तिथल्या तिथे दाखवलं. मग नियम ठरला: ग्राहकांचे पासवर्ड, ओटीपी आणि पैसे पाठवायच्या सूचना यावरून द्यायच्या नाहीत, त्यासाठी उठून केबिनमध्ये जायचं. पाहुण्यांचं वायफायही वेगळं केलं.

एवढी पथ्यं पाळली, तर छोट्या कार्यालयाला, छापखान्याला, पॅथॉलॉजी लॅबला किंवा शाळेला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाची सोय दुसरी नाही. दहा पावलांवरच्या टेबलासाठीचा निरोप परक्या देशातल्या सर्व्हरला वळसा घालून यायचं काही कारण नाही. तुमच्याकडे पाच-सहा संगणक एका स्विचला जोडलेले असतील, तर एकदा लावून पाहा. मात्र प्रोग्राम मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या, सगळीकडे नवी आवृत्ती ठेवा आणि घरचा राउटर आणून जोडणाऱ्याला आधी विचारा, की तार कुठल्या पोर्टात लावली.