रत्नागिरीहून रात्री फोन आला तर

गाळप संपले की आपल्याकडची पोरे आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जातात. येताना एखादा ‘थोडीच घेतलीय’ म्हणत स्टिअरिंगवर बसतो. हातखंब्याला पोलीस नळीत फुंकायला लावतात आणि घरी फोन येतो, “मामा, कायतरी करा.”

मामा आधी पुढाऱ्याचा नंबर शोधतो. आमचे म्हणणे, आधी वकील गाठा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. हे प्रकरण जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टातच जावे लागते. कुणी ‘मिटवून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणून घाबरून जाऊ नये. अटक झाली असेल तर वेळ लिहून ठेवा. दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावे लागते. फुंकायला नकार देऊ नये, तो नकारच पुढे अंगाशी येतो.

खरी चूक कोर्टात होते. हेलपाटे नकोत म्हणून पोरगा गुन्हा कबूल करतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडावर सुटलो असे वाटते, पण दोष सिद्ध झाला की लायसन किमान सहा महिने जाते. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर पोट असणाऱ्याचा अख्खा हंगाम बुडाला! पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत. म्हणून कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कबुली नको.

वकिलाला पैसे नसतील तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. साखरप्याला पकडले असेल तर देवरुखला चौकशी करा, तो संगमेश्वर तालुका. फोन १५१००.

अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. माणूस दगावला तर साधा निष्काळजीपणा म्हणून सुटका होईलच असे नाही. मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले होते. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तिथे मामाची ओळख चालत नाही.