इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं का?



बल आणि गती शिकवताना मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. "विमान निदान तरंगत खाली येईल, हेलिकॉप्टरचं काय?" आपण "पडणारच!" म्हणून मोकळे होतो. पण ते उत्तर बरोबर नाही. उंची किंवा वेग हाताशी असेल, तर हेलिकॉप्टर इंजिनाशिवायही सुखरूप उतरू शकतं. अडचण अशी, की शेतीच्या कामात नेमक्या याच दोन गोष्टी कमी असतात.

इंजिनाशिवाय उतरतं कसं?

सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. हेलिकॉप्टरमध्येही अशीच सोय असते. इंजिन थांबलं की पंखा त्याच्यापासून सुटतो आणि मोकळा फिरत राहतो. वैमानिक लगेच डाव्या हाताचा दांडा खाली करतो. त्यामुळे पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून वर येणारी हवा पंखा फिरवत ठेवते. याला 'ऑटोरोटेशन' म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मारायचा, मग दांडा वर ओढायचा. पंख्यात साठलेली ऊर्जा तेव्हा खर्च होते आणि हेलिकॉप्टर अलगद टेकतं. ही संधी एकदाच मिळते.

मग शेतावर धोका का?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं उदाहरण घ्या. तिथे चेरी काढणीला आली असताना पाऊस झाला, तर फळावरचं पाणी सालीतून आत शिरतं आणि फळ तडकतं. म्हणून बागायतदार हेलिकॉप्टर बोलावतात. ते झाडांच्या शेंड्यांवरून अगदी सावकाश फिरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने पाणी झटकून टाकतं. पीक वाचतं, पण वैमानिकाकडे ना उंची असते ना वेग.

उंची आणि वेग यांचा एक आलेख हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत असतो. त्यातल्या रंगवलेल्या भागात इंजिन बंद पडलं तर सुखरूप उतरणं फार कठीण. वैमानिक त्याला 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणतात. जमिनीलगत एक-दीड मीटरवर इंजिन गेलं, तर पंख्यातली ऊर्जा पुरते. झाडांच्या वर, जवळजवळ थांबलेल्या स्थितीत मात्र ती पुरेलच असं नाही. त्यात विजेच्या तारा असतात, त्या वेगळ्याच.

रॉबिन्सन आर-२२ सारख्या लहान हेलिकॉप्टरचा पंखा हलका असतो. दांडा खाली करायला एक-दोन सेकंद उशीर झाला तरी फेरे धोकादायक कमी होतात. म्हणूनच १९९५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आर-२२ आणि आर-४४ च्या वैमानिकांना खास प्रशिक्षण सक्तीचं केलं.

सुरक्षा जमिनीवरच सुरू होते

वर असताना चूक सुधारायला वेळ नसेल, तर ती खालीच पकडायला हवी. म्हणून रोज उड्डाणाआधी तपासणी, इंधनात पाणी नाही ना ते पाहणं, तारा कुठे आहेत ते आधी हेरणं आणि सुट्या भागांच्या तासांची नोंद. या दोन्ही हेलिकॉप्टरची संपूर्ण दुरुस्ती २२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल तेव्हा करायची असते. "अजून चांगलं चाललंय की!" हे कारण तिथे चालत नाही.

वर्गात करून पाहा

कागदाची पट्टी घ्या. वरचा अर्धा भाग मधोमध उभा कापून दोन पाती विरुद्ध दिशांना दुमडा, खाली एक टाचणक्लिप लावा. हे भिरभिरं आधी गुडघ्याच्या उंचीवरून सोडा, मग बाकावर उभं राहून. मुलांना विचारा: फिरायला लागण्याआधी ते किती खाली आलं? खऱ्या हेलिकॉप्टरचा पंखा आधीपासून फिरत असतो, हा फरकही सांगा. पण उंची म्हणजे हाताशी असलेला वेळ, हे मुलांना त्या दोन उड्यांतच कळतं.

मुलांची उत्तरं आम्हालाही जरूर कळवा.