राजाने बांधलेले, रयतेने जपलेले

कोल्हापुरात नाटक आणि कुस्ती यांची पाठ एकमेकांना टेकलेली आहे. इकडे केशवराव भोसले नाट्यगृह, मागे खासबागचे कुस्ती मैदान. ही रचना राजर्षी शाहू महाराजांची. 1902 मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. रोमचे भव्य क्रीडागार पाहून आल्यावर खासबाग मैदान साकारले. त्याला लागूनच 1913 ते 1915 या काळात नाट्यगृह उभे राहिले. त्याचे नाव पॅलेस थिएटर. दगडी भिंती भक्कम, आणि प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. मल्लविद्येला आणि रंगविद्येला महाराजांनी सारखाच मान दिला, ही गोष्ट इथे दगडांतूनच कळते.

1957 मध्ये नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म 9 ऑगस्ट 1890. 1908 मध्ये त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला; केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. छप्पर कोसळले, रंगमंच आणि खुर्च्या जळाल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. बाहेर जमलेले कलावंत ढसाढसा रडत होते. राज्य नाट्य स्पर्धेत ज्यांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो याच रंगमंचावर, त्यांचे जणू घरच जळत होते.

शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. नवे छप्पर, नवी प्रकाशयोजना, नव्या खुर्च्या हव्यातच. पण खरी कसोटी भाड्याची आहे. दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणाऱ्या हौशी मंडळींना प्रयोगाचे भाडे परवडले, तरच महाराजांचा हेतू टिकेल.

हौशी रंगभूमीचा हा प्रश्न कोल्हापूरपुरता नाही. परभणीतही राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र भरते आणि तिथली हौशी मंडळी तितक्याच जिद्दीने उभी राहतात. नाट्यगृह सरकार बांधते, पालिका सांभाळते, पण जगवतो तो प्रेक्षक. म्हणून आपल्या गावात पुढचा प्रयोग लागेल, तेव्हा तिकीट काढा आणि घरच्यांनाही सोबत न्या.