फ्लॅट–स्क्रग्ज यांची गादी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखातील गीतांना बिल मन्रो यांनी १९३९ पासून आपल्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचाद्वारे जो नवा घाट दिला, त्यास पुढे ब्लूग्रास ही संज्ञा प्राप्त झाली. परंतु त्या संगीताचे आज सर्वमान्य असलेले स्वरूप सिद्ध झाले ते १९४५ साली लेस्टर फ्लॅट यांचे गायन आणि अर्ल स्क्रग्ज यांचा बॅन्जो त्या संचात एकत्र आल्यावर. १९४८ मध्ये हे दोघे मन्रोंची नोकरी सोडून स्वतंत्र झाले, मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीच्या आश्रयाने १९५३ पासून नॅशव्हिलच्या नभोवाणीवर पहाटे गाऊ लागले, आणि १९६९ मध्ये कायमचे विभक्त झाले.

ही गादी पुन्हा चालविण्याचा संकल्प २०१३ साली जेरी डग्लस यांनी सोडला. त्यांच्या ‘अर्ल्स ऑफ लेस्टर’ या संचाने नवी गीते रचण्याचा मोह कटाक्षाने टाळून मुख्यतः १९५४ ते १९६५ या कालखंडातीलच फ्लॅट–स्क्रग्ज यांचा संग्रह मुक्रर केला. फिडलवर जॉनी वॉरन आहेत, म्हणजे मूळ संचातील फिडलवादक पॉल वॉरन यांचे चिरंजीव. बॅन्जोवर चार्ली कुशमन, बासवर बॅरी बेल्स. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेस २०१५ चे ग्रॅमी मिळाले.

हे अनुकरण नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. मला तो मान्य नाही. ज्या संगीतात ढोल-ताशासारखे एकही तालवाद्य नाही, जेथे बासचा ठोका समेवर पडतो, मँडोलिन त्याच्या मधल्या रिकाम्या जागी कोरडा आघात करते आणि अंगठा, तर्जनी व मध्यमा यांच्या अविरत आवर्तनातून बॅन्जो साऱ्या संचास पुढे ओढतो, तेथे प्रत्येकाने दुसऱ्याचा मुलाहिजा राखून केव्हा थांबावे, हे स्वरलिपीवरून कळत नाही. फ्लॅट–स्क्रग्ज यांच्याकडे मँडोलिन हेतुपुरस्सर मागे ठेवलेले असे. मन्रोंच्या संचात मात्र तेच अग्रभागी होते. असा सूक्ष्म शिरस्ता घराण्यातील बंदिशीप्रमाणे प्रत्यक्ष वाजवूनच जिवंत राहतो.

स्वतः डग्लस मांडीवर आडवे धरून, तारांवर पोलादी कांडी सरकवीत डोब्रो हे वाद्य वाजवितात. फ्लॅट–स्क्रग्ज यांच्या संचात १९५५ मध्ये ते आणले जॉश ग्रेव्ह्ज यांनी, आणि तेही स्क्रग्ज यांची तीन बोटांची पद्धत त्यावर उतरवून. डग्लस यांनी बालपणी ओहायो राज्यात हा संच प्रत्यक्ष ऐकला होता. पुढे १९९५ च्या एका ध्वनिमुद्रिकेत त्यांनी जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेशी संवाद साधला. डोब्रोची मींड आपल्या कानांस परकी वाटत नाही, याचे कारण दोन्ही वाद्यांच्या त्या सरकत्या कांडीत आहे. इतक्या दूरवर संचार केलेल्या वादकाने ग्रेव्ह्ज यांच्या चाकोरीत इमानेइतबारे परतावे, ही मी त्यांच्या कलेची सर्वांत मोठी परीक्षा मानतो.

गायक शॉन कॅम्प यांनी मात्र फ्लॅट यांचा कंठ उसना घेतलेला नाही. त्यांनी उचलली आहे ती शब्द ठेवण्याची धीमी, शालीन लकब, आणि २०१८ च्या मैफलीच्या मुद्रणातही ती तशीच अबाधित आहे.