टेराफ्लॉप आणि एकोणीस पिना

"प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स?"

पुण्याच्या तापकीर गल्लीच्या आसपास दुरुस्तीची जी चिंचोळी दुकानं आहेत, त्यांतल्या एकाच्या काउंटरवर हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा बाप असतो, सोबत आठवी-नववीतला मुलगा. मुलाला उत्तर पाठ असतं. "बाबा, एक्सबॉक्सचे बारा टेराफ्लॉप आहेत, प्लेस्टेशनचे दहाच." काउंटरमागचा दादा मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणतो, "दहा पॉइंट अठ्ठावीस."

आकडा खरा आहे आणि तो निघतो साध्या गुणाकारातून. प्लेस्टेशन ५च्या ग्राफिक्स चिपमध्ये ३६ कंप्युट युनिट आहेत, प्रत्येकात ६४ गणकं, प्रत्येक गणक दर ठोक्याला दोन क्रिया करतं आणि ठोके पडतात सेकंदाला २२३ कोटींपर्यंत. या सगळ्यांचा गुणाकार केला की सेकंदाला १०.२८ लाख कोटी क्रिया होतात. लाख कोटी म्हणजेच टेरा. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये युनिट ५२, पण ठोके १८२.५ कोटी, म्हणून उत्तर साधारण १२.१५. खेळ चालू असताना चिपचे सगळे भाग एकाच वेळी राबत नसतात, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या कामाचा नव्हे. साठवणुकीकडे बघितलं तर पारडं उलटं झुकतं: प्लेस्टेशनचा एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचतो, एक्सबॉक्सचा २.४. मेमरी दोघांत १६ जीबी. प्लेस्टेशनमध्ये ती सगळी एकाच वेगाने, सेकंदाला ४४८ जीबी, चालते. एक्सबॉक्समध्ये १० जीबी ५६०च्या वेगाने आणि उरलेली ६ जीबी ३३६च्या. मुख्य प्रोसेसर दोन्हींत एएमडीचाच, झेन २ जातीचा, आठ कोअरचा. भारतात आले तेव्हा दोघांची किंमतही सारखीच होती, ४९,९९० रुपये. एक्सबॉक्स नोव्हेंबर २०२०मध्ये आला, प्लेस्टेशन फेब्रुवारी २०२१मध्ये. हे दोघे चुलतभाऊच आहेत, आणि टीव्हीसमोर आठ फुटांवर बसलेल्या माणसाला त्यांच्यातला फरक सहसा कळत नाही.

दादाची तुलना वेगळी असते. तो यंत्राला उघडण्याच्या क्रमाने ओळखतो. प्लेस्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हाताने सरकवून निघतात, पंखा लगेच समोर दिसतो, धूळ साचावी म्हणून मुद्दाम ठेवलेली दोन भोकं व्हॅक्यूमने साफ करता येतात. एक्सबॉक्स असेल तर सगळा खोका एका धातूच्या सांगाड्याभोवती रचलेला. मदरबोर्डाचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून बसवलेले आणि वर एकच मोठा पंखा. आतलं काही हवं असेल तर सगळं धूड बाहेर ओढावं लागतं. मात्र एक्सबॉक्सचा एसएसडी ही वेगळी निघणारी पट्टी आहे, तर प्लेस्टेशनचा मूळ ८२५ जीबीचा साठा बोर्डावरच सोल्डर केलेला. तो गेला तर बोर्डच गेला. उलट जागा वाढवायची असेल तर प्लेस्टेशनमध्ये बाजारातला योग्य वेगाचा एनव्हीएमई घालता येतो, एक्सबॉक्सला मात्र खास त्याच्यासाठी बनवलेलं कार्डच लागतं. खोक्यावरच्या जाहिरातीत यातलं काही नसतं.

सगळ्यात मोठा फरक चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या थरात आहे. एक्सबॉक्समध्ये नेहमीची थर्मल पेस्ट. प्लेस्टेशन ५मध्ये लिक्विड मेटल, म्हणजे पाऱ्यासारखा चकाकणारा द्रव धातू. सोनीचे यासुहिरो ओतोरी यांनी ऑक्टोबर २०२०मध्ये कंपनीच्या व्हिडिओत स्वतः कन्सोल सुटा करून दाखवला. त्यात त्यांनी सांगितलं होतं की या एका गोष्टीच्या तयारीला दोन वर्षं लागली. हा द्रव धातू उष्णता उत्तम वाहून नेतो, पण वीजही वाहतो. घसरून शेजारच्या सुट्या भागांवर गेला की शॉर्ट. त्यामुळे दुकानाचा नियम असा की तापण्याची तक्रार नसेल तर प्लेस्टेशनचा हीटसिंक उचलायचाच नाही. "सर्व्हिसिंग करून द्या" म्हणणाऱ्याला दादा पंखा पुसून देतो आणि तेवढ्याचेच पैसे घेतो. गल्लीत सगळेच असे वागत नाहीत.

आणि झुरळं. कन्सोल उबदार असतो, अंधारा असतो आणि टीव्हीखालच्या कपाटात महिनोन्महिने कुणी हलवत नाही. पॉवर सप्लायचं झाकण उघडलं की आत काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून ते झाकण दुकानाबाहेर, पायरीवर उघडतात.

उष्णतेचा धडा या धंद्याने जुन्या एक्सबॉक्स ३६०वर गिरवला. तो अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ला आला, आपल्याकडे सप्टेंबर २००६मध्ये. बटणाभोवतीच्या वर्तुळाचे चारपैकी तीन भाग लाल लुकलुकू लागले की यंत्र संपलं, असं समीकरणच झालं होतं. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७मध्ये त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. पुढे कंपनीने स्वतःच सांगितलं की तापणं आणि थंड होणं वारंवार घडल्यामुळे चिपच्या घटकातले जोड तडकत होते. त्या काळी लोक कन्सोल टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवत, दुकानदार हीट गन मारत, आणि ते चालायचंही, पंधरा दिवस, महिनाभर. जोड तेवढ्यापुरता टेकायचा आणि पुन्हा सुटायचा. तुमचा बिघडलेला लॅपटॉप कुणी नुसती हीट मारून परत दिला, तर त्याचं बिल भरताना हे आठवा. २०२१मध्ये, एक्सबॉक्सला वीस वर्षं झाली तेव्हा, त्याच लाल वर्तुळाचं पोस्टर कंपनीने विकायला काढलं. आपली नाचक्की भिंतीवर टांगायला विकणं हेही एक कसबच.

हल्लीच्या कन्सोलचा या दुकानातला सगळ्यात नेहमीचा जॉब मात्र चिपचा नाही, एचडीएमआय पोर्टचा आहे. टीव्ही भिंतीवर, कन्सोल खाली, मधली केबल ताणलेली. कुणीतरी कन्सोल केबलसकट पुढे ओढतं, नाहीतर घाईत केबल उलटी खुपसतं. आतली जीभ मोडते, पिना वाकतात. लाइट लागतो, पंखा फिरतो, टीव्हीवर मात्र "नो सिग्नल".

काम बघण्यासारखं असतं. पोर्टला एकोणीस पिना, दोन पिनांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. शिवाय पोर्टच्या पत्र्याचे चार पाय बोर्डातून आरपार गेलेले. आधी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून एकेक पिन तपासायची. सारख्या जोड्यांचं रीडिंग सारखं आलं तर पोर्टच गेलेला, नाहीतर मागची एचडीएमआय चिपही गेलेली आणि बिल वाढलेलं. मग आजूबाजूच्या भागांवर उष्णता सोसणारी पिवळी टेप लावायची आणि बोर्ड खालून हीटरवर गरम करत ठेवायचा. कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. दादा त्यावर फ्लक्स घालून आपलं शिशाचं सोल्डर मिसळतो, जे १८३ अंशांना वितळतं. मिश्रण लवकर सैल होतं आणि बोर्डाला कमी चटका बसतो. चार पायांभोवतीचं तांबं उष्णता शोषून घेत राहतं, म्हणून वरून हॉट एअरही गोल गोल फिरवत ठेवावी लागते, एका जागी थांबवायची नाही. चिमट्याने पोर्ट हलकाच ढकलून बघायचा. डुलला तर उचलायचा. डुलला नाही तर थांबायचं.

इथेच नवशिके मार खातात. पोर्ट अजून धरून आहे आणि यांनी ओढला, की त्याच्याबरोबर बोर्डावरचे पॅड उचकटून येतात. मग केसाएवढ्या तांब्याच्या तारेचा जंपर मायक्रोस्कोपखाली टाकत बसा. दुकानात येणारे कित्येक कन्सोल असे "आधी कुणीतरी हात घातलेले" असतात आणि दादा त्यांचा दर वेगळा सांगतो. नवा पोर्ट बसल्यावर पिनांवरून सोल्डरिंग आयर्न ओढतानाचा त्याचा हात बघावा. श्वाससुद्धा धरलेला असतो. मग आयसोप्रोपिलने फ्लक्स पुसायचा, पुन्हा एकोणीस रीडिंग घ्यायची आणि तेव्हा कुठे टीव्ही लावायचा.

वळवाचा पाऊस सुरू झाला की वेगळी गर्दी होते. वीज कडाडते, डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून झटका सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये. पोर्ट शाबूत, चिप जळालेली. घरात अर्थिंग नसेल तर केबल लावताना बोटाला झिणझिण्या येतात, त्याही चिपला सोसाव्या लागतात. यावर उपाय टेक्निकल सपोर्टमध्ये नाही, वायरमनकडे आहे.

टेक्निकल सपोर्टचा नमुनाही याच काउंटरवर पाहिला. एका ताईंनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. कंपनी कुठली ते सोडून देऊ. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र. "मॅम, कन्सोल सेफ मोडमध्ये घ्या आणि स्क्रीनवर कोणते पर्याय दिसतात ते सांगा." ताई म्हणाल्या, "अहो, स्क्रीनच येत नाही, तीच तर तक्रार आहे." थोडी शांतता. "ठीक आहे मॅम, सेफ मोडमध्ये घेतल्यावर स्क्रीनवर कोणते पर्याय दिसतात?" त्याच्यापुढच्या कागदावर पुढची ओळ नव्हती.

तरी त्या कागदाला मी हसणार नाही. केबल बदला, दुसरा टीव्ही लावून बघा, सेफ मोडमधून डेटाबेस पुन्हा बांधा, या पायऱ्यांवर बऱ्याच तक्रारी फुकटात मिटतात आणि दादाही त्याच क्रमाने जातो. फरक विचारण्यात आहे. ग्राहक "डेड झालाय" म्हणतो. दादा विचारतो: लाइट कोणत्या रंगाचा? बीप येतो का? पंखा फिरतो का? किती मिनिटांनी बंद पडतो? आदल्या रात्री पाऊस होता का? स्क्रीनवर कोड आला होता तर त्याचा फोटो आहे का? एवढ्यावर त्याचं निम्मं निदान झालेलं असतं.

कॉम्प्युटरवाल्यांना तो हेच विचारतो, पण तिथे त्याला सवड असते. पीसी सुरू होत नसेल तर एक रॅम काढायची, सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा (पावसाळ्यात हा उपाय अजूनही चालतो), परत लावायची. नाही झालं तर दुसरी. मग ग्राफिक्स कार्ड, मग पॉवर सप्लाय. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम. कन्सोलमध्ये बदलायला सुटं असं फार काही नाही. मेमरी चिपभोवती सोल्डर केलेली, आणि प्लेस्टेशनची डिस्क ड्राइव्ह तर त्या त्या मदरबोर्डाशी जोडी जमवलेली. दुसऱ्या कन्सोलची चांगली ड्राइव्ह आणून लावली तरी ती खेळ वाचत नाही. २०२३च्या स्लिम मॉडेलची ड्राइव्ह सुटी मिळते, पण पहिल्यांदा इंटरनेटवरून नोंद झाल्याशिवाय चालत नाही. माझ्या मते विकत घेण्याआधी तुलना करायची तर ती इथे करावी. दोन टेराफ्लॉपने कुणाचं अडत नाही, वाचणाऱ्या ड्राइव्हवर कुलूप असलं की अडतं.

या कुलपांविरुद्ध थोडी हालचाल झाली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८मध्ये सहा कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो तिन्ही होत्या. स्टिकर फाटला म्हणून वॉरंटी नाकारता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं.

दुरुस्तीला देताना एवढं करा: सीरियल नंबरचा आणि पोर्टचा फोटो काढून ठेवा, चिठ्ठीवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, बदललेला भाग परत मागा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही सपोर्टमधून बोलतोय" असा फोन आपण होऊन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. आणि वॉरंटीत असलेलं यंत्र कंपनी कारण न देता नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतून तक्रार नोंदवता येते.